मदत हवी आहे: ऊर्जेला जडत्व का असतं, हे अकरावीच्या मुलांना कसं सांगावं?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला कॉलेज रोडवर अकरावी-बारावीचे फिजिक्सचे क्लास घेतो. न्यूटनचे नियम चालू असताना एका मुलीने विचारलं, "सर, हिग्ज क्षेत्र नसतं तर बंद पडलेली बस ढकलायला सोपी गेली असती का?" (हिग्ज क्षेत्र म्हणजे सगळीकडे पसरलेलं, मूलकणांना वस्तुमान देणारं क्षेत्र.) मला हा प्रश्न फार आवडला. ठरलेला भाग बाजूला ठेवून आम्ही आकडेच मांडले.

प्रोटॉनचं वस्तुमान 938 एमईव्ही (कणांचं वस्तुमान ज्यात सांगतात ते ऊर्जेचं एकक). त्याच्या आतल्या तीन घटककणांना, म्हणजे दोन अप आणि एका डाउन क्वार्कला, हिग्जमुळे मिळतं ते सगळं मिळून 9 च्या आसपास, म्हणजे जेमतेम एक टक्का. बाकी सगळी क्वार्कांच्या गतीची आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन क्षेत्राची ऊर्जा. न्यूट्रॉनचंही तसंच. तेव्हा बसच्या जडत्वात हिग्जचा वाटा अगदी थोडा. (इलेक्ट्रॉनचं वस्तुमान मात्र हिग्जकडूनच येतं. ते शून्य झालं तर अणूच बांधला जाणार नाही, मग बस कुठली!) 2012 मध्ये हिग्ज कण सापडल्यापासून मुलं "हिग्ज वस्तुमान देतो" एवढंच ऐकत आली आहेत, आणि ते अर्धवट आहे असं मला मनापासून वाटतं.

पुढचा प्रश्न ओघानेच आला: मग ऊर्जेलाच जडत्व का? आइनस्टाइनच्या 1905 च्या लेखाचा विषय हाच. मी आरशांच्या पेटीचा विचारप्रयोग सांगितला. पेटीत प्रकाश कोंडलाय, आरशांचं वस्तुमान नगण्य. पेटीला त्वरण दिलं की मागची भिंत प्रकाशाला सामोरी जाते, पुढची त्याच्यापासून पळते. मागच्या भिंतीवर दाब जास्त पडतो आणि पेटी ढकलणाऱ्या हाताला विरोध जाणवतो. हिशेब केला की तो विरोध ऊर्जा भागिले प्रकाशवेगाचा वर्ग, एवढ्या वस्तुमानाचा निघतो. मुलांना हे पटलं.

आता मदत हवी आहे ती इथे. प्रोटॉनला ही पेटी लावायला हरकत नसावी, कारण तिथेही ऊर्जा कोंडलेलीच आहे. पण इलेक्ट्रॉनला आतली रचना सापडलेली नाही, मग तिथे कोंडलंय काय? त्याचे डावे आणि उजवे (फिरकीच्या दिशेवरून पडलेली नावं) असे दोन वस्तुमानरहित घटक हिग्ज क्षेत्रामुळे सतत एकमेकांत बदलतात, असं मांडता येतं. हा बदल म्हणजे पेटीतल्या प्रकाशाचं मागेपुढे आपटणंच, असं मुलांना सांगणं बरोबर आहे का, की हे साम्य वरवरचं आहे? जडत्व दूरच्या ताऱ्यांमुळे येतं हा भौतिकशास्त्रज्ञ माखचा मुद्दा सध्या नको, तो वेगळा धागा होईल.

क्वांटम क्षेत्र सिद्धांत शिकलेल्या कुणी अकरावीच्या गणितात बसेल असं उत्तर दिलं तर पुढच्या तासाला तेच फळ्यावर घेईन.