डिझेल घ्यायची की नाही
डिझेल स्वस्त पडतं म्हणून गाडी डिझेलचीच घ्या, असं म्हणतात; दर आठवड्याला पुण्याला पळणाऱ्याला ते ठीक आहे हो. आमचं रोजचं जाणं म्हणजे कोल्हापुरातच, राजारामपुरी ते शाहूपुरी. इंजिन गरम होईस्तोवर दुकान येतंय! १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे सरकारी नियम) डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी सलग वेगात पळावी लागते, आणि गावात ते होत नाही. मग फिल्टर भरत आला म्हणून समोर पिवळा दिवा लागतो, की मी कामधंदा सोडून हायवेनं कागलपर्यंत जाऊन परत. बायको म्हणते, गाडीला फिरवून आणता, मला कधी नेणार? डिझेलमध्ये वाचलेले चार पैसे असे त्या फेऱ्यांत जातात.

महाद्वार रोडला तर गाडी काढूच नका. रविवारी अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी, बिंदू चौकातलं पार्किंग फुल्ल. भाजीला मी अजून जुनी स्कूटरच काढतो.

पण वैभववाडीहून येताना करूळ घाटात चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन दुसऱ्या गिअरला ही डिझेल गाडी जी ओढते, तिथं सगळं माफ.