प्रतिसाद: बार्बिझाँची वर्तुळाकार वाट

फ्रेंच न येणाऱ्याला वाटाड्याशिवाय बार्बिझाँजवळच्या जंगलातला हा पायी फेरा जमेल का, असा प्रश्न आहे. जमेल. अट एकच, झाडांच्या बुंध्यांवर रंगवलेल्या वाटेच्या खुणांकडे लक्ष हवे.

बार्बिझाँ हे पॅरिसच्या दक्षिणेला फोंतेनब्लो जंगलाच्या कडेला वसलेले गाव. मिले आणि रूसो हे चित्रकार एकोणिसाव्या शतकात येथेच राहून काम करत. गावाचा मुख्य रस्ता सरळ जंगलात शिरतो आणि तेथून त्याचे नाव 'गायींची वाट' होते, कारण गावची गुरे याच वाटेने चरायला जात. थोड्याच अंतरावर एका खडकात या दोघा चित्रकारांचे कांस्य पदक बसवलेले आहे. त्यापुढे आप्रमाँची घळ लागते, जिथे पांढऱ्या वाळूत हत्तीएवढे वालुकाश्म पडलेले दिसतात आणि पाय घोट्यापर्यंत रुततो. माझा निम्मा वेळ तिथेच गेला, त्याचा मुळीच पश्चात्ताप नाही.

खुणांची पद्धत सोपी आहे. लहान फेऱ्यांसाठी पिवळा पट्टा, लांब पल्ल्याच्या वाटांसाठी पांढऱ्याखाली लाल, आणि फुली दिसली की ती वाट आपली नव्हे. या जंगलात मात्र निळ्या खुणाही भेटतात. देनकूर नावाच्या निवृत्त सैनिकाने 1842 पासून आखलेल्या पायवाटांची ती परंपरा आहे.

पाणी गावातूनच भरून न्यावे. शरद ऋतूपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा वाटेवर शिकारीची पाटी दिसल्यास निमूटपणे मागे फिरावे.