बाबांच्या डोळ्यातली इंजेक्शनं आणि ‘एक्झोसोम थेरपी’, कुणाला माहितीये का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे, शुगर जुनी. उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आलीये, डीएमई म्हणाले डॉक्टर, म्हणून गेल्या वर्षापासून डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. ओसीटीत म्हणजे पडद्याच्या स्कॅनमध्ये सूज उतरलेली दिसते, थोडे दिवस बरे जातात, परत पाणी साठतं, परत इंजेक्शन. खर्चाचं सोडा, पण दर वेळी आदल्या रात्री बाबा झोपत नाहीत आणि आता म्हणायला लागलेत की जेवढं दिसतंय तेवढं बास झालं.

तेवढ्यात आत्येभावाने एका क्लिनिकचं पत्रक व्हॉट्सॲपवर पाठवलं. ‘इंजिनिअर्ड एक्झोसोम, थेट रेटिनावर टार्गेट, तीन सिटिंगमध्ये इंजेक्शनपासून कायमची सुटका’, तिन्हीचे मिळून दीड लाखाच्या वर. मी गुगल केलं तर खरंच रिसर्च पेपर दिसतात, उंदीर माकडं सगळं आहे, म्हणजे अगदीच भोंदूगिरी पण वाटत नाही. आमच्या रेटिनावाल्या डॉक्टरांना विचारलं तर नुसते हसले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. हे एक्झोसोम नक्की काय असतं, औषध पडद्यापर्यंत नेतं म्हणजे कसं नेतं, आणि बाबांना न्यावं का नको, साध्या भाषेत कुणी सांगेल का? थेंबाच्या रूपात पण येणार असं कुठंतरी वाचलं, तसं असेल तर थांबावं का?

फार्मावाली_नागपूर

मी डोळ्याची डॉक्टर नाही, ड्रग डिलिव्हरीत पीएचडी आहे, तेवढ्यापुरतंच बोलते. पेपर खरे आहेत. पत्रकाचा त्यांच्याशी संबंध नाही, ते का ते सांगते, जरा लांबण लागेल.

आपल्या जवळपास सगळ्या पेशी बाहेर बारीक पिशव्या सोडत असतात, ३० ते १५० नॅनोमीटरच्या, त्यातल्या एका प्रकाराला एक्झोसोम म्हणतात. १९८३ मध्ये मॉन्ट्रियल आणि सेंट लुईसच्या दोन ग्रुपना अर्धवट वाढलेल्या लाल रक्तपेशींमध्ये हा प्रकार दिसला, तेव्हा लोकांना वाटलं की पेशी नको असलेली प्रोटीन्स बाहेर टाकतेय, कचरा. २००७ मध्ये स्वीडनच्या ग्रुपने दाखवलं की ह्या पिशव्यांमधून आरएनए, म्हणजे जीनचा निरोप नेणारा रेणू, एका पेशीतून दुसरीत जातो आणि तिथे जाऊन कामही करतो. मग काय, सगळ्यांच्याच डोक्यात आलं की यात आपलं औषध का भरू नये. २०११ मध्ये ऑक्सफर्डवाल्यांनी उंदराच्या पेशी अशा बदलल्या की त्यांच्या पिशव्यांच्या बाहेरच्या अंगाला रेबीजच्या व्हायरसमधला एक छोटा तुकडा येईल, हा तुकडा मेंदूच्या पेशींना चिकटतो, आत सायआरएनए म्हणजे ठरावीक जीन बंद करणारा आरएनएचा तुकडा भरला, शिरेतून दिलं आणि तो खरंच मेंदूत पोचला. ‘इंजिनिअर्ड’ म्हणतात ते याला, बाहेर पत्ता आणि आत माल, दोन्ही आपण ठरवलेले.

आता डोळा. पडद्याचं रक्तापासून स्वतःचं वेगळं संरक्षण असतं, त्यामुळे गोळी किंवा सलाइनमधलं बरंचसं औषध तिथे जातच नाही. म्हणून सुई. डोळ्यात साधारण ४ मिली जेल असतं, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं, त्यात डॉक्टर ०.०५ मिली औषध सोडतात. ते सगळीकडे पसरतं, थोडंफार जिथे हवं तिथे लागतं आणि काही आठवड्यांत धुऊन जातं. परत परत इंजेक्शन लागतं ते यामुळेच, आजार तर आत चालूच असतो.

टार्गेट करणं म्हणजे काय याचं माझं आवडतं उदाहरण २०२१ चं आहे, चीनच्या ग्रुपचं, बहुतेक तुम्ही पाहिलेला माकडांचा पेपर हाच असावा. त्यांनी रेग्युलेटरी टी सेल म्हणजे दाह शांत करणाऱ्या पांढऱ्या पेशींचे एक्झोसोम घेतले आणि त्यांना व्हीईजीएफविरोधी (रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रोटीनला रोखणारी) अँटिबॉडी एका छोट्या पेप्टाइडच्या दोऱ्याने बांधली. जिथे नको असलेल्या नव्या रक्तवाहिन्या फुटतायत तिथे एमएमपी नावाची एन्झाइम्स जास्त असतात, ती बरोब्बर हा दोरा कापतात. म्हणजे पिशव्या जाऊन त्या जागी गोळा होणार, अँटिबॉडी तिथेच सुटणार, आणि पिशवी स्वतः दाह कमी करणार. उंदीर आणि माकडं दोन्हीत रक्तवाहिन्यांची वाढ कमी झाली. काय डोकं लावलंय! पण एक लक्षात घ्या, हे प्रयोग मॅक्युलाखाली म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाखाली नव्या रक्तवाहिन्या फुटतात त्या आजारासाठी होते, म्हातारपणी होणाऱ्या वेट एएमडीसारख्या. बाबांना आहे ती डायबेटिसची सूज.

आता क्लिनिकची बाटली. अशा ठिकाणी सहसा नाळेच्या किंवा चरबीच्या स्टेम सेल वाढवलेलं पाणी गाळून देतात. त्यात ना पत्ता चिकटवलेला असतो ना औषध भरलेलं. आणि चांगल्या लॅबमध्येसुद्धा हे नीट करणं डोकेदुखी आहे बरं का. गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने सेंट्रिफ्यूज फिरवलं तरी एक्झोसोमबरोबर नको ती प्रोटीन्स खाली बसतात. विजेचा झटका देऊन सायआरएनए आत भरायची पद्धत फार चालायची, २०१३ मध्ये कळलं की बराचसा सायआरएनए आत न जाता बाहेरच गुठळ्या करून बसतो आणि मोजताना आत गेल्यासारखा दिसतो. आज बनवलेला बॅच आणि पुढच्या महिन्यातला बॅच सारखा आहे हे दाखवताना भले भले रडकुंडीला येतात, आणि तुमचं पत्रक तीन सिटिंगची गॅरंटी देतंय.

अण्णांची_लेक

वरच्या ताईंनी सायन्स सांगितलं, मी घरचं सांगते. आमच्या आईला वेट एएमडी आहे, तिची पण इंजेक्शनं चालू आहेत, तो आदल्या रात्रीचा प्रकार आमच्याकडेपण आहे त्यामुळे तुमचं दुखणं कळतं. पण ह्या क्लिनिकच्या नादात चालू ट्रीटमेंट बंद करू नका, गॅप पडला की सूज परत चढते आणि दर वेळी गेलेली नजर परत येतेच असं नाही.

त्यापेक्षा डॉक्टरांकडे एकदा वेगळी वेळ घेऊन बसा, पेशंटच्या रांगेत कुणी नीट बोलत नाही. कुठलं औषध चालूये ते विचारा. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये डीएमईसाठी तीन औषधं समोरासमोर लावली होती, सुरुवातीला नजर बऱ्यापैकी असेल तर पहिल्या वर्षात तिन्ही सारखीच निघाली, नजर ६/१५ किंवा त्याहून वाईट असेल तर मात्र त्यातलं अफ्लिबरसेप्ट सरस. फॅरिसिमॅब म्हणून नवीन आहे, ते काहींना जास्त अंतराने चालतं. डेक्सामिथासोनचं बारीक इम्प्लांट असतं, काही महिने आत हळूहळू विरघळत राहतं, फक्त त्याने मोतीबिंदू आणि डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं तर बाबांना काचबिंदू आहे का ते आधी सांगा. खर्चासाठी म्हणाल तर त्या तिघांतल्याच रॅनिबिझुमॅबचं भारतीय बायोसिमिलर, म्हणजे त्याच्यासारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध, २०१५ पासून मिळतंय. आणि शुगर, बीपी, किडनी बघितलीये का? आमच्या शेजारच्या काकांचे पाय सुजायचे, किडनीचं बघितल्यावर डोळ्याची सूजपण जरा आटोक्यात आली.

चार्ल्सकाठचा_पक्या

बॉस्टनमध्ये पोस्टडॉक करतो, ह्याच पिशव्यांवर, पण डोळ्यावर नाही. फार्मावाली ताईंचं बहुतेक सगळं पटतं पण लॅबचं चित्र त्यांनी जरा जास्तच निराश रंगवलं असं मला वाटतं. २०१७ मध्ये इथल्याच ग्रुपने एएव्ही म्हणजे जीन थेरपीचा व्हायरस एक्झोसोममध्ये गुंडाळून उंदराच्या डोळ्यात साध्या इंजेक्शनने दिला, तर तो नुसत्या व्हायरसपेक्षा पडद्यात जास्त खोल गेला. हे मोठं आहे कारण त्याच वर्षी मंजूर झालेल्या आरपीई६५ च्या (ह्या जीनमधल्या दोषाने नजर जाते त्यासाठीच्या) जीन थेरपीला ऑपरेशन करून पडद्याखाली औषध सोडावं लागतं. मला विचाराल तर एक्झोसोमचा खरा उपयोग अँटिबॉडी न्यायला नाही होणार, अँटिबॉडी तशीही पोचतेच की, तो जीन आणि आरएनए न्यायला होईल.

धंद्याची बाजू मात्र वाईट आहे. कोडियाक नावाची इथली कंपनी इंजिनिअर्ड एक्झोसोममधली सगळ्यात नावाजलेली, कॅन्सरच्या ट्रायलपर्यंत पोचली होती, मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. आणि एफडीएने, म्हणजे अमेरिकेतल्या औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी खात्याने, डिसेंबर २०१९ मध्येच लोकांना जाहीर सावध केलं होतं की मंजूर झालेलं एकही एक्झोसोम प्रॉडक्ट नाही, नेब्रास्कात पेशंटना गंभीर त्रास झाल्यावर.

फ्लोरिडाची केस पण वाचा, मार्च २०१७ मध्ये छापून आली. तीन बायका, मॅक्युलाचा आजार, एका क्लिनिकने स्वतःच्याच पोटाच्या चरबीतल्या स्टेम सेल दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या, प्रत्येकीकडून ५,००० डॉलर घेऊन. तिघींची नजर जवळजवळ गेली. ते एक्झोसोम नव्हते मान्य, पण विकायची पद्धत हीच. आणि गंमत म्हणजे ट्रायल नोंदवायच्या अमेरिकी सरकारी वेबसाइटवर त्या क्लिनिकची नोंद होती. त्यामुळे क्लिनिकवाल्याने सीटीआरआयचा (आपल्याकडच्या ट्रायलच्या सरकारी नोंदीचा) नंबर दाखवला तरी लगेच विश्वास ठेवू नका, नोंदीत लिहिलेला आजार आणि दवाखाना जुळतोय का बघा, एथिक्स कमिटीची परवानगी बघा, आणि प्रायोगिक औषधाचे पैसे तुमच्याकडून मागत असतील तर तिथूनच परत फिरा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. पत्रकावरच्या नंबरला फोन लावला होता. सीटीआरआय म्हणल्यावर बाई म्हणाल्या की आमचं ट्रायल नाहीये, ट्रीटमेंट आहे, आणि ह्या महिन्यात बुक केलं तर वीस टक्के कमी करून देतो. आत्येभावाला कळवलं, तो जरा फुगलाय. डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतलीये, किडनीचे रिपोर्ट पण नेतोय. तेवढं थेंबाचं कुणी सांगा.

फार्मावाली_नागपूर

हो ते राहिलंच. थेंबातलं ५ टक्क्यांपेक्षा कमी औषध डोळ्याच्या आत शिरतं, बाकी पापण्यांतून ओघळतं नाहीतर अश्रूंबरोबर नाकात उतरतं, आणि जे शिरतं ते पुढच्याच भागात संपतं, मागे पडद्यापर्यंत जवळजवळ काही पोचत नाही. एक्झोसोममध्ये भरून ते मागे नेता येतंय का यावर लोक काम करतायत, पण उंदराचा डोळा तीनेक मिलिमीटरचा आणि आपला चोवीस, त्यामुळे उंदरात थेंब मागपर्यंत पोचला ह्या बातमीवर मी तरी उड्या मारत नाही. त्याची वाट बघत इंजेक्शन लांबवू नका. आणि पक्या, अँटिबॉडी पोचते हे मान्य, पण ती तिथे टिकत नाही ना, त्या दोऱ्याची सगळी भानगड त्याचसाठी होती. त्यासाठी वेगळा धागा काढ, इथे ह्यांच्या बाबांचं राहू दे.