बाबांसाठी एएसव्ही मशीन : सुरुवात कशी करावी?

प्रश्न : दारव्हा तालुका, यवतमाळ

नमस्कार. माझे वडील 58 वर्षांचे असून शेती करतात. झोपेत त्यांचा श्वास मध्येच थांबतो म्हणून नागपूरला स्लीप स्टडी करून घेतली, तेव्हा तासाला सरासरी 41 वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो असे अहवालात आले. सीपॅप (मास्कमधून सतत ठरावीक दाबाने हवा देणारे मशीन) लावून पाहिले असता घोरणे थांबले, परंतु मेंदूकडून श्वासाचा संदेशच न गेल्यामुळे पडणारे खंड कायम राहिले, म्हणून डॉक्टरांनी एएसव्ही (श्वासागणिक हवेचा दाब बदलणारे) मशीन सुचवले आहे. आमच्याकडे रात्री लाइन केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, विहिरीचे पाणी क्षारयुक्त आहे, आणि रानडुकरांमुळे हरभरा निघेपर्यंत बाबा शेतावर जागलीला जातात. मास्क हातात घेताच "यात जीव गुदमरेल" असे ते म्हणाले. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : हिंगणघाट

दादा, मी स्वतः हेच मशीन वापरतो. मास्कच्या आधी एक विचारतो : बाबांचा एको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आहे का? 2015 साली प्रसिद्ध झालेल्या सर्व्ह-एचएफ या अभ्यासात, ज्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचे इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला आतले किती टक्के रक्त बाहेर टाकते तो आकडा) 45 टक्के किंवा त्याहून कमी होते आणि ज्यांचा अ‍ॅप्निया (झोपेत श्वास थांबणे) मुख्यतः मेंदूकडून उद्भवणारा होता, त्यांच्यापैकी एएसव्ही वापरणाऱ्यांमध्ये हृदयाच्या कारणाने होणारे मृत्यू अधिक आढळले. हा आकडा डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय मशीन सुरू करू नये, असे माझे ठाम मत आहे.

गुदमरण्याची भीती दिवसाच घालवावी. बाबांना खाटेवर बसवून, मशीन चालू ठेवून, पट्टे न लावता मास्क त्यांच्याच हाताने नाकाशी धरू द्यावा. तो केव्हाही काढता येतो हे हाताला कळले की मन निवळते. त्यानंतर पट्टे लावून गप्पा माराव्यात, मग दुपारची डुलकी आणि शेवटी रात्र. हे मशीन प्रत्येक श्वास मोजते, श्वास क्षीण झाला तर दाब वाढवते आणि थांबला तर स्वतः श्वास देते, त्यामुळे सुरुवातीला कोणीतरी आपल्याला ढकलत आहे असे वाटते; अशा वेळी त्याच्याशी झगडू नये, संथ श्वास घेत राहावा.

मास्कच्या समोरच्या बारीक छिद्रांतून उच्छ्वास बाहेर जातो, ती कधीही बुजवू नयेत. मास्कचे माप मात्र आडवे झोपून, हवा चालू असतानाच घ्यावे. हवा निसटते म्हणून पट्टे करकचून आवळले तर मास्कची मऊ गादी दबून गळती वाढते आणि नाकाच्या दांड्यावर जखम होते.

उत्तर : वाशीम

विजेबद्दल लिहितो. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा (लाइनसारखीच सुरळीत वीज देणारा) घ्यावा. सर्वांत जास्त वीज हवा दमट ठेवणारे पाणी आणि नळी गरम करण्यातच जाते, त्यामुळे बॅटरीवर चालवताना तेवढे बंद ठेवले तर ती बरीच अधिक टिकते. तोंड-नाक झाकणाऱ्या मास्कला एक झडप असते. लाइन गेली तर ती उघडून बाहेरची हवा आत येते, हे बाबांना आवर्जून सांगा.

पाणी डिस्टिल्डच वापरावे, कारण उकळल्याने क्षार जात नाहीत. सकाळी उरलेले पाणी ओतून भांडे धुऊन वाळवावे. मशीन उशीपेक्षा खाली ठेवावे, म्हणजे नळीत साचलेले पाणी मास्ककडे येत नाही. तूर-सोयाबीन काढणीच्या दिवसांत फिल्टर वरचेवर पाहावा. आपल्याकडच्या धुळीत तो फार लवकर काळा पडतो.

उत्तर : अचलपूर

जुने मशीन स्वस्त मिळते म्हणून घाई करू नका. जून 2021 मध्ये फिलिप्सने आतल्या आवाजरोधक फोमच्या झिजेमुळे आपली बरीच मशीने परत मागवली होती, त्यामुळे मॉडेल आणि अनुक्रमांक तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. एको झाला आहे. इजेक्शन फ्रॅक्शन 60 टक्के असून तो पाहूनच डॉक्टरांनी मशीन लिहून दिले. जागलीला यंदा मी जाईन, बाबा घरीच झोपतील. मशीन आधी भाड्याने मिळते का, हे विचारतो.

उत्तर : हिंगणघाट

उत्तम. भाड्याने घेतले तरी दाबाचे आकडे डॉक्टरांनी लिहून दिलेलेच ठेवा, दुकानदाराच्या अंदाजाने नकोत. पुढच्या भेटीला मशीनमधले कार्ड सोबत न्या. वापराचे तास, हवेची गळती आणि तासाला उरलेले खंड त्यावरून दिसतात. खंड 5 च्या खाली यावेत असा सर्वसाधारण प्रयत्न असतो. आकडा वर राहिला तर मशीन बंद करून ठेवू नका, डॉक्टरांना फोन करा.