डिप्रेशन समजून गोळी सुरू केली, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) नंतर बघितला. तुम्ही अशा पेशंटला काय काय विचारता?

सत्तरीची_डॉक्टर:
नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रावर आहे, एमबीबीएस होऊन दोनच वर्षं झालीत. एक केस डोक्यातून जातच नाही म्हणून लिहितेय, ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत.

६१ वर्षांच्या मावशी, नवरा जाऊन आठ महिने, सून घेऊन आली. 'आंगांत बळ ना' एवढंच म्हणायच्या, दिवसभर झोपून, जेवण कमी, बोलणं एकदम संथ, दर एकादशीचं भजनही सोडलेलं. मी पीएचक्यू-९ (डिप्रेशनची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घेतला, २७ पैकी १६ आले. नवरा गेलाय, स्कोअर १० च्या वर आहे, म्हणजे डिप्रेशनच, असं धरून एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनची (एसएसआरआय गटातली) गोळी सुरू केली. तीन आठवड्यांनी आल्या त्या आणखी मलूल. त्या दिवशी आमच्या सिस्टर सहज बोलून गेल्या, 'डॉक्टर, ह्या मावशी दर वेळी फॅन बंद करायला सांगतात हां.' मे महिना, आम्ही सगळे घामाने निथळतोय आणि मावशी पदर गच्च गुंडाळून बसलेल्या. तेव्हा कुठे टीएसएच पाठवला, ४० च्या वर आला, म्हणजे थायरॉइड फारच कमी चालतोय. बीपीची थायझाइडची गोळी चालू आहे. पीएचक्यूच्या नवव्या, मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला शून्य होतं.

मला खूप वाईट वाटतंय. थायरॉइड सुटला हे एक झालंच, पण मी नक्की कुठे विचार करायचा थांबवला ते समजून घ्यायचंय.

फोंड्याचा_जुना_जीपी:
बाय, तू लिहिलंस हे बरं केलंस. माझ्या हातूनही असं झालंय, तेव्हा मुलगा परदेशी गेला म्हणून आई खचली असं मी धरून चाललो होतो आणि निघालं हिमोग्लोबिन ६, रक्तच खूप कमी. समोर एक दुःखाचं कारण आयतं दिसलं की आपण दुसरं शोधत नाही. आता मी थकवा आणि उदास म्हणून आलेल्या प्रत्येकाचं हिमोग्लोबिन, टीएसएच, शुगर बघतो, शाकाहारी असेल किंवा बरीच वर्षं मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) घेत असेल तर बी-१२ सुद्धा. पण रिपोर्टच्या आधी हात लावून बघ ना, कोपराची कातडी कोरडी आहे का, चेहरा सुजट आहे का, घोट्याचा रिफ्लेक्स मारल्यावर पाय सावकाश परत येतो का, ह्याला काही पैसे पडत नाहीत. आणि ह्या वयात थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) एकदम पूर्ण डोसने नको, आधी ईसीजी काढ, छातीत दुखतं का विचार, मग थोड्यापासून वाढव.

बांबोळी_रेसिडेंट:
सायकिअॅट्रीत आहे म्हणून थोडं लांबलचक लिहितो. त्या १६ ची फोड करून बघा. झोप, थकवा, भूक, एकाग्रता, संथपणा ह्या पाच प्रश्नांतून किती आले? हे पाचही थायरॉइडने वाढतात. पीएचक्यू-९ गेल्या दोन आठवड्यांत त्रास किती आहे ते सांगतो, कशाने आहे ते त्याला कळत नाही, ते आपणच शोधायचं.

दुसरं, सोडियम आजच्या आज बघा!! उतारवयात एसएसआरआय आणि थायझाइड एकत्र आले की सोडियम उतरू शकतं, त्यानेही माणूस मलूल होतो, मग आपण डिप्रेशन वाढलं समजून डोस वाढवतो.

तिसरं, गोळी लिहिण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, कधी चार-पाच दिवस झोप कमी घेऊनही अंगात भलताच जोर, खूप बोलणं, खूप खर्च असं झालं होतं का, आणि हे घरच्यांनाही विचारायचं. बायपोलर (कधी उदासी, कधी असा भलता जोर) असेल तर नुसत्या अँटीडिप्रेसंटने उलटू शकतं. दारूचंही सगळ्यांना विचारा, बायकांनासुद्धा. नववा प्रश्न नुसता कागदावर टिक करून घेऊ नका, सुनेला बाहेर बसवून तोंडी विचारा, विचारल्याने मरणाचा विचार डोक्यात शिरत नाही. रात्री-अपरात्री कोणाला गरज पडली तर टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देऊन ठेवा.

नर्सबाय_डिचोली:
तुमच्या सिस्टरांना माझा नमस्कार सांगा. पेशंट आत येऊन बसेपर्यंत निम्मं आम्हाला दिसलेलं असतं पण विचारतं कोण. आपल्याकडची बायकामाणसं 'मी उदास आहे' असं म्हणत नाहीत हो, कंबर दुखते, हातापायांना मुंग्या येतात, अंगावरून पांढरं जातं, असंच सांगतात. म्हणून उलटी चूकही होते, नुसती टॉनिकं देऊन पाठवतात आणि आतलं दुःख तसंच राहतं. आणि एक, त्यांनी भजन सोडलं हे तुम्ही लिहिलंत, पण का सोडलं ते विचारलंत का?

बांबोळी_रेसिडेंट:
नर्सबाय, हे फारच महत्त्वाचं बोललात. टीएसएच सापडला म्हणून आता 'डिप्रेशन नव्हतंच' असंही ठरवू नका डॉक्टर, दोन्ही एकत्र असू शकतं. आणि सगळंच काही गोळीने होत नाही. गोव्यातच संगत ह्या संस्थेने 'मानस' नावाचा अभ्यास केला होता, २०१० साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या समुपदेशकांनी आरोग्य केंद्रांवर पेशंटशी बोलायचं काम केलं आणि सरकारी केंद्रांत चांगला फरक दिसला.

सत्तरीची_डॉक्टर:
सगळ्यांचे मनापासून आभार. सोडियम १२९ आलं, म्हणजे कमीच, सिनिअर सरांशी फोनवर बोलून एस्सिटालोप्राम थांबवली आणि बीपीची गोळी बदलली. ईसीजी ठीक आहे, थायरॉक्सिन थोड्या डोसने सुरू केलंय. १६ ची फोड केली, त्या पाच प्रश्नांतूनच १२ आले होते. उरलेल्या चार गुणांतले दोन 'मन लागत नाही'चे, आणि ते मी भजनावरून धरले होते.

काल त्यांना एकटीला बसवून विचारलं, भजनाला का नाही जात मावशी. म्हणाल्या, 'ताळो बसला गो बाय, गावंक जायना.' थायरॉइडमुळे आवाजच फुटत नव्हता त्यांचा, जायची इच्छा होती! तीनदा माझ्यासमोर त्या घोगऱ्या आवाजात बोलल्या आणि मी आवाज ऐकलाच नाही, फक्त उत्तरं ऐकली. मग जरा थांबून स्वतःच म्हणाल्या की पेटी तेच वाजवायचे, आता पेटी कपाटावर आहे, सून पुसते पण कोणी उघडत नाही. आणि रडायला लागल्या, आठ महिन्यांत पहिल्यांदा, असं सुनेनं नंतर सांगितलं. मरणाचंही तोंडी विचारलं, तसा विचार नाही म्हणाल्या, नातीची मुंज बघायची आहे... सॉरी, नातवाची.

टीएसएच सहा आठवड्यांनी परत करतेय. मावशींना मात्र दर पंधरा दिवसांनी बोलावलंय, ओपीडी संपताना, म्हणजे घाई नसेल.