रात्री निवांत झोप लागेल अशी नांगराची जागा कशी ओळखायची? (लंकावी ते फुकेत, दोन मुलांसह)

पुण्याची जलपरी:
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पेनांगला असतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. लंकावीत एक जुनी 36 फुटी शिडाची होडी घेतली आहे. पाण्याखाली 1.8 मीटर जाते, नांगराला 60 मीटर साखळी आहे. आजवर आम्ही मरीनातून निघून मरीनातच परत आलो. डिसेंबरच्या सुटीत मात्र को लिपे, को रोक, को मुक ('को' म्हणजे थाई भाषेत बेट) असं करत थायलंडमधल्या फांगन्गाच्या उपसागरापर्यंत जायचा बेत आहे, म्हणजे बहुतेक रात्री नांगरावर.

नवऱ्याला दुसरी एकही होडी नसलेली खाडी हवी. मला डोळा लागेल अशी खाडी हवी. अ‍ॅपवर पाहावं तर प्रत्येक वळणात नांगराचं चिन्ह, आणि खाली एकजण लिहितो 'स्वर्ग', दुसरा लिहितो 'रात्रभर आडवेतिडवे झालो'. दोघंही त्याच जागेबद्दल! सासूबाई फोनवर विचारतात, "रात्री होडी कुठल्या बंदराला लावणार?" कुठल्याच नाही, हे सांगायची अजून हिंमत झालेली नाही.

जागा निवडताना तुम्ही नक्की काय बघता? साखळी किती सोडता? रात्री कुणी जागं राहतं का? पुस्तकातलं नवऱ्याला पाठ आहे, मला वापरातलं हवंय.

कट्टेकरी:
आम्हाला ठाण्यात गाडी लावायला जागा मिळेना आणि इथे लोकांना शेजारी नको आहेत. चालू द्या. फोटो टाका.

देवगडकरीण:
जलपरी, तुझ्या नवऱ्याला आधी एक विचार. ती रिकामी खाडी रिकामी का आहे? कधी ती खरंच कुणाच्या नजरेतून सुटलेली असते. बऱ्याचदा तिथे राहून गेलेल्यांना कारण ठाऊक असतं.

माझे वडील देवगडला तांडेल (होडीचे प्रमुख) होते. देवगडचं बंदर इतकं बंदिस्त की वादळाची चाहूल लागली की परराज्यातल्या होड्याही आत येतात. तिथे वाढल्यामुळे असेल, पण मी खाडीत शिरताना आधी बाहेर पडायची वाट बघते. रात्री दोन वाजता, पावसात, समोरचं काही दिसत नसताना इथून निघता येईल का? नसेल, तर पोहायचं, जेवायचं, फोटो काढायचे आणि चारच्या आत दुसरीकडे जायचं. तोंडाशी प्रवाळ, वळणावर खडक, मधे मासेमारीची जाळी अशी जागा कितीही देखणी असो, आमची होडी तिथे रात्र काढत नाही. यावर घरात भांडणं झालीत आणि मी ती जिंकली आहेत. आत शिरतानाची वाट जीपीएसवर रेघ म्हणून ठेवायची. वेळ आलीच तर त्याच रेघेवरून बाहेर.

आता वारा. डिसेंबर ते मार्च तिकडे ईशान्येचा वारा, म्हणून बेटांची पश्चिम बाजू आडोशाची. पण हा वारा दुपारी पडतो आणि मध्यरात्रीनंतर जमिनीवरून जोर धरून येतो. दुपारी तीनला पूर्वेकडची खाडी आरशासारखी दिसते, पहाटे तिथेच भांडी खाली येतात. अ‍ॅपवरचे तुझे स्वर्गवाले आणि आडवेतिडवेवाले बहुधा एकाच खाडीत वेगवेगळ्या महिन्यात गेलेले असतात. अभिप्रायाखालची तारीख आधी वाच, मजकूर नंतर. आणि फांगन्गात चुनखडीचे उंच कडे आहेत, त्यांच्या अगदी पायथ्याशी आडोसा मिळेल असं वाटतं. पण वारा कड्यावरून खाली कोसळतो आणि होडीला गरागरा फिरवतो. थोडं लांब राहिलेलं बरं.

साखळीचा हिशोब तिथे भरती-ओहोटीशिवाय होतच नाही. फांगन्गात उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) पाणी जवळजवळ तीन मीटर चढतं-उतरतं, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या सुमारास) साधारण एक मीटर. ओहोटीला 4 मीटरवर नांगर टाकलास तर भरतीला तिथे 7 होतात. त्यात नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मीटरभर धर, झाले 8. त्याच्या पाचपट, म्हणजे 40 मीटर साखळी. हे शांत हवेतलं, वारा असेल तर सातपट. तुझ्याकडच्या 60 मीटरमध्ये हे बसतं. उलटा हिशोब जास्त फसवा आहे. भरतीला खोली मोजायचं यंत्र 5 मीटर दाखवतंय म्हणून खुशाल झोपलात, तर उधाणाच्या ओहोटीला 2 उरतील आणि तुमची होडी 1.8 बुडते.

सोडलेल्या साखळीएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ मोकळं हवं, त्रिज्येत होडीची लांबीही मिळव. प्रवाह उलटला की होडी पूर्ण फिरते. शेजारी कॅटामरान (दोन सांगाड्यांची होडी) असेल तर ती आपल्यासारखी फिरत नाही, तिला जास्त जागा सोड.

नांगर बसला की नाही हे मी तळहाताने बघते. इंजिन हळूहळू मागे घ्यायचं, मग जोर वाढवायचा, आणि नाळेवर ताणलेल्या साखळीवर हात ठेवायचा. साखळी ताठ आणि गप्प असेल तर बसला. तळव्याला खडखड, थरथर लागली तर तो तळावरून घसरतोय, उचला आणि पुन्हा टाका. तिसऱ्यांदाही बसला नाही तर जागा बदला, हट्ट नको. उत्तर फांगन्गात तळाला चिखल आहे, तो छान धरतो. पण पाणी हिरवं गढूळ, खालचं काही दिसत नाही. को रोकला पाणी स्वच्छ, तिथे नांगर कसा पडलाय ते डोळ्यावर चष्मा लावून पोहत जाऊन बघता येतं.

मुलांना कामं दे. साखळीवर दर 10 मीटरला वेगळा रंग लावा आणि पाचच्या पोराला नाळेपासून मागे, दोरी बांधून, बसवा. "लाल! पिवळा! निळा!" तो असा ओरडेल की शेजारच्या बेटावर कळेल. मुलीला किनाऱ्यावरच्या दोन खुणा दे, पुढचा खडक आणि त्याच्या मागचं झाड. दोन्ही एका रेषेत असेपर्यंत आपण जागेवर. आमची धाकटी हे काम इतकं मनावर घ्यायची की जेवताना तोंड तिकडेच.

रोज रात्री पाळी लावून जागं राहत नाही आम्ही. फोनवर नांगराचा गजर असतो. फक्त तो नांगर पाण्यात पडला त्या क्षणी लाव, साखळी सोडून मागे आल्यावर नको, नाहीतर वर्तुळाचा मध्यच चुकतो.

इंजिनरूम:
देवगडकरीणताईंशी बहुतेक सहमत. दोन गोष्टी जोडतो, एका गोष्टीवर भांडतो.

साखळीचा ताण रात्रभर विंडलासवर ठेवू नका, ते यंत्र साखळी उचलायला आहे. आठ-दहा मीटर नायलॉनची जाड दोरी हुकने साखळीला अडकवून नाळेवरच्या खुंटाला बांधा आणि साखळी थोडी सैल सोडा. झटका दोरी खाते आणि पुढच्या केबिनमध्ये झोपलेल्यांना साखळीची करकर ऐकू येत नाही. होडी जुनी आहे म्हणालात, तर निघायच्या आधी सगळी साखळी धक्क्यावर पसरून बघा. गंज पाण्याशी जास्त संबंध येणाऱ्या टोकाला असतो. टोकं उलटी करून लावली की काही वर्षं मिळतात. नांगर आणि साखळी जोडणाऱ्या शॅकलची पिन तारेने बांधलेली हवी.

दुसरं, नांगरावर असताना चौफेर दिसणारा पांढरा दिवा कायद्याने हवाच. तो बहुधा डोलकाठीच्या टोकावर असतो, पण लाँगटेलवाला (लांब दांड्याच्या इंजिनाची थाई होडी चालवणारा) अंधारात सुसाट येतो तेव्हा तो वर बघत नाही. कॉकपिटमध्ये, माणसाच्या उंचीवर, एक सौर दिवा लटकवा. शंभर-दोनशे रुपयांची बागेतली वस्तू पुरते.

भांडण हे की पाळीची गरज नाही असं सरसकट सांगू नये. मलाक्काच्या सामुद्रधुनीत 'सुमात्रा' नावाची वादळं येतात. पश्चिमेकडून, बहुधा मध्यरात्रीनंतर, आणि तासाभरात वारा 40 नॉटच्या वर. पश्चिमेची जी खाडी तुम्ही आडोसा म्हणून निवडली, तिचंच तोंड वाऱ्यासमोर येतं. अशाच एका रात्री आमच्या शेजारची कॅटामरान तिच्या नांगरासकट आमच्या अंगावर सरकत आली. आम्ही जागे होतो म्हणून फेंडर (धक्का झेलणाऱ्या रबरी गाद्या) लावून, इंजिन चालू करून बाजूला झालो. तिच्या मालकाला आमच्या भोंग्याने जाग आली.

देवगडकरीण:
इंजिनरूम, मान्य, पण त्या प्रामुख्याने एप्रिल ते नोव्हेंबर. ही मंडळी डिसेंबरमध्ये निघताहेत. संध्याकाळी पश्चिमेला वीज चमकताना दिसली तर मीही कॉकपिटमध्येच झोपते. वीज जवळ आली की जास्तीचा फोन आणि हातातला जीपीएस ओव्हनमध्ये, धातूच्या पेटीत ते विजेपासून वाचण्याची शक्यता जास्त. (सकाळी चहाच्या आधी बाहेर काढणे!)

प्रवाळप्रेमी:
कृपा करून प्रवाळावर नांगर टाकू नका. थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत बऱ्याच ठिकाणी होडी बांधायला बोये (तळाशी जखडलेले तरंगते गोळे) लावलेले असतात, ते वापरा. को रोक, लिपे-अडांगचा भाग आणि सिमिलान उद्यानांतच येतात. बोया दिसला म्हणून डोळे मिटून बांधू मात्र नका, खाली बुडी मारून दोरी कुठे झिजली आहे ते बघा. बोया लहान होड्यांसाठी असेल आणि हवा बिघडणार असेल तर सोडा.

वाळूचा डाग शोधायचा तर सकाळी दहा ते दुपारी दोनमध्ये पोचा, सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे हवा. फिकट निळं-पोपटी म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ किंवा खडक. संध्याकाळी पाच वाजता सूर्य समोर असताना हे काहीच कळत नाही.

माया बे या को फी फीजवळच्या प्रसिद्ध खाडीचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका. 2018 मध्ये ती बंद केली, 2022 मध्ये उघडली, पण होड्यांना खाडीत प्रवेश नाही. आणि मुलांसाठी सनस्क्रीन घेताना डबीवरची नावं वाचा. ऑक्सिबेन्झोन असलेलं 2021 पासून त्या उद्यानांत चालत नाही.

पुण्याची जलपरी:
किती लिहिलंत! साखळीचे रंग आजच आणले. नवरा म्हणतो, अंधारातही बाहेर पडता येईल अशा जागी चार होड्या असणारच, मग एकांत कुठला? आणि होंगमध्ये मुलांना नेणं शहाणपणाचं आहे का? कड्याच्या आत तळं, बोगद्यातून जायचं, ते.

देवगडकरीण:
एकांत जागेत कमी आणि वेळेत जास्त असतो. को मुकचंच बघ. मोराकोट गुहा, 80 मीटरचा काळोखा बोगदा पोहत पार करायचा की आत उभ्या कड्यांनी वेढलेली छोटी पुळण. सकाळी दहा ते तीन तिथे लाइफजॅकेट घातलेल्या पर्यटकांची रांग, एकमेकांचा दोर धरून. सहल-बोटी गेल्या की बाहेर तुम्ही आणि एखाददुसरी होडी. बेटाच्या पश्चिमेला रात्र काढायची, ईशान्येचा वारा असताना ती जागा बरी, आणि उजाडताच पोहत आत. बोगद्यात तुझ्या मुलीच्या कपाळावर बॅटरी बांध, मुलाला तू स्वतः ने, जॅकेट घालूनच. आत मुलगा आधी घाबरेल आणि मग प्रतिध्वनीसाठी ओरडत सुटेल. समुद्राला लाट असेल त्या दिवशी मात्र बोगद्यात जायचंच नाही.

फांगन्गातले होंग, को फनाकचे वगैरे, होडी बाहेर ठेवून डिंगीतून (सोबतच्या छोट्या होडीतून) किंवा कयाकमधून. वल्ह्यांनीच जा, बोगद्यात इंजिन नको. काहींत ओहोटीला चिखल लागतो आणि भरतीला छत डोक्याला येतं, म्हणून मधला वेळ पकडायचा. आत शिरायच्या आधी भरतीचं कोष्टक बघ, आणि पाणी चढत असेल तर परत फिरायची वेळ घड्याळात लावूनच शीर. पाणी चढलं की बाहेर यायला पुढच्या ओहोटीची वाट बघावी लागते, आणि डास काही वाट बघत नाहीत. हे सगळं दोघांनी एकाच वेळी करू नका, एक मोठा माणूस नांगराशी राहिलाच पाहिजे. आम्ही पाळीपाळीने जातो.

स्वयंपाकाचं तू विचारलं नाहीस पण सांगते. कुकर न्या, आणि छोटा न्या. झाकण बंद असतं, होडी हलली तरी सांडत नाही, गॅस कमी लागतो. पुठ्ठ्याची खोकी होडीत आणू नकोस, धक्क्यावरच रिकामी कर. त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात आणि मग बंदर सोडलं तरी ती सोबत राहतात.

लंकावी ते लिपे साधारण 30 सागरी मैल. पहाटे निघालात तर दुपारी दोनच्या आत, पाण्याचे रंग दिसत असताना पोचाल. लिपेला लाँगटेलांची इतकी येजा असते की पहिली रात्र शांत जाणार नाही. शेजारचं अडांग बघ, उंच आहे, झाडी आहे आणि गोड्या पाण्याचे ओढे आहेत. फक्त किनाऱ्याजवळ तळ एकदम उभा चढतो, तेव्हा यंत्रावर डोळा ठेवून हळू जा. सासूबाईंना सांग, पहिली रात्र अडांगला. बंदराचंच नाव वाटतं.

पुण्याची जलपरी:
सांगितलं. "बरं, तिथे जेवायला काय मिळतं?" असं विचारत होत्या.