एमिनेम गोरा म्हणून गाजला की खरंच भारी म्हणून?

कोपऱ्यातला_कावळा:
काल भावाशी यावरून कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणतो हा अमेरिकन रॅपर एमिनेम गोरा नसता तर त्याला कुणी विचारलंच नसतं, रॅप ब्लॅक लोकांचं पण विकत घेणारी पोरं गोऱ्यांची. मी त्याची जेमतेम चार-पाच गाणी ऐकलीत, त्यामुळे गप्प बसावं लागलं. जाणकारांनो, हा माणूस वर आला तो नक्की कशाने?

रात्रपाळी:
भाऊ अर्धा बरोबर आहे, ब्लॅक असतो तर खप निम्मा झाला असता असं एमिनेमने २००२ च्या अल्बममधे स्वतःच म्हणून टाकलंय. पण सुरुवातीला सगळं उलटं होतं. व्हॅनिला आइस नावाच्या गोऱ्या रॅपरनंतर गोरा रॅपर म्हणजे चेष्टेचा विषय झालेला, त्यामुळे डेट्रॉइटमधे हा स्टेजवर चढला की लोक हुर्यो उडवायचे. १९९६ चा पहिला अल्बम कुणी हुंगलाही नाही. ९७ ला लॉस एंजेलिसला रॅप ऑलिंपिक्स नावाच्या रॅपच्या स्पर्धेत दुसरा आला, पहिला नंबर गेला म्हणून तोंड पाडून बसला, आणि तिथेच दिलेली टेप फिरत फिरत डॉक्टर ड्रे या नावाजलेल्या ब्लॅक रॅपर-निर्मात्याच्या कानावर पडली. ड्रेसारख्या माणसाने पाठीवर हात ठेवला म्हणून बाकीच्यांनी निदान ऐकून तरी घेतलं. मग काय, २००० चा अल्बम पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत १७ लाखांच्या वर गेला.

यमकवेडी:
रंगाचं राहू द्या हो, कान द्या जरा. २०१० मधे टीव्हीवर मुलाखत झाली होती, इंग्रजीत ऑरेंजला यमक नाही असं लोक म्हणतात त्याची त्याला चीड, मग त्याने फोर इंच, डोअर हिंज, स्टोरेज, पॉरिज, जॉर्ज हे सगळं एका दमात बसवून दाखवलं. कागदावर बघाल तर काही जुळत नाही, तो स्वर दाबून दाबून जुळवतो. त्याच मुलाखतीत खोकंभर चिटोरे दाखवले, बारीक अक्षरात नुसती यमकं. मोरोपंत खूश झाले असते (शाळेत मला त्यांचा कंटाळा यायचा ते सोडा).

स्वप्ना_उशिरा_उठते:
कारागिरी मान्य, पण बायकांबद्दल आणि गे लोकांबद्दल जे लिहिलंय त्याचं काय? मी फॅन आहे तरी काही गाणी सरळ स्किप करते. २००१ च्या ग्रॅमीला याच्याविरुद्ध बाहेर निदर्शनं चालू होती आणि आत हा एल्टन जॉन या गे गायकाबरोबर 'स्टॅन' गात होता. वेड्या चाहत्याच्या पत्रांवरचं ते गाणं, त्यातला स्टॅन आता 'वेडा चाहता' या अर्थाने ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत जाऊन बसलाय.

रात्रपाळी:
आणि 'लूज युअरसेल्फ'. ऑस्कर मिळालेलं पहिलं रॅप गाणं, २००३ ला, आणि हा पठ्ठ्या तिकडे गेलाच नाही, घरी झोपला होता 😂

कोपऱ्यातला_कावळा:
अरे हो! माझी भाची दिवसभर कुठल्यातरी कोरियन बँडला 'स्टॅन करते' म्हणत असते, तिला एमिनेम कोण हेही माहीत नाही. भावाला ऑरेंजवाला व्हिडिओ पाठवला, त्याचा रिप्लाय: 'भारी आहे, पण माझा मुद्दा तोच.'